मातीचा रहिवासी दाखला

बहारीनच्या मुहर्रकमध्ये आम्ही राहतो ती गल्ली विमानतळाला अगदी खेटून आहे. विमान उतरायला लागलं की बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की राहिलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचं, ही इथल्या सगळ्यांची सवय. नवरा-बायकोच्या भांडणात या सोयीचा फायदा नेहमी बायकोलाच होतो. विमान जाईपर्यंत तिला पुढचा मुद्दा सुचलेला असतो आणि मी माझा विसरलेला असतो.

तिला दिवस गेले तेव्हा मात्र भांडणं आपोआप बंद पडली, कारण भांडायला लागणारी ताकदच तिच्यात राहिली नाही. तिला भात शिजल्याचा वास नको होता, फोडणीचा नको होता, साबणाचा नको होता आणि संध्याकाळी सलमाबादच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या भुशासकट घरी येणाऱ्या माझा तर अजिबात नको होता. मी त्या वर्कशॉपच्या ऑफिसात बसतो, खिडक्या-दारांच्या मापांची आणि किमतींची गणितं करतो, भुशाशी माझा थेट संबंध नाही. पण नाकाला हुद्दा कळत नाही. पोटात गेलेलं काही टिकेना. आमच्या डॉक्टरीणबाई केरळच्या. त्यांनी वजनाच्या काट्याकडे आणि माझ्याकडे सारख्याच नाराजीनं पाहिलं आणि सांगितलं की असंच वजन उतरत राहिलं तर ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल. बायकोला सुईची भीती सापाहून जास्त.  घराचं दार उघडताना ती म्हणाली,

"मला आमच्या चुलीचा वास पाहिजे."

"कुठल्या चुलीचा?"

"न्हाणीतल्या. हंडा उतू गेला की पाणी चुलीच्या कडेवर सांडायचं ना, तेव्हा यायचा तो. तो आला तर मी जेवेन."

तिचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. तांबडी माती, जांभ्याचं घर, मागच्या पडवीला लागून न्हाणी आणि तिथे आंघोळीचं पाणी तापवायची मातीची चूल. लहानपणी ही मुद्दाम त्या चुलीवर तांब्यातून पाणी शिंपडायची आणि नाक लावून बसायची, म्हणून मार खायची. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं, पण तयारीनं केलं असतं.

शेजारच्या खाला श्रीवर्धनकडच्या. त्यांचे यजमान मुहर्रकच्या बाजारात कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात आणि खाला आमच्या मजल्यावरच्या सगळ्या संसारांवर देखरेख ठेवतात. त्यांनी माझी शंका पहिल्याच वाक्यात निकालात काढली.

"हसतोस काय रे? डोहाळे आहेत ते. बाईला माती लागते म्हणजे लागते. मला माझ्या थोरल्याच्या वेळेला भिंतीचा चुना लागायचा. नवरा बिचारा रोज भिंत बघायचा, किती उरली म्हणून."

"पण खाला, डॉक्टरनी माती खायची नाही असं..."

"खायची कोण म्हणतो? हुंगायची. हुंगायला काय तुझा डॉक्टर नाकावर बसलाय?"

मग मी मातीच्या शोधाला लागलो. बहारीन हे बेट आहे आणि बेटावर माती असते, असा माझा ढोबळ तर्क होता. पहिल्यांदा वर्कशॉपच्या मागच्या अंगणातली मूठभर आणली. बायकोनं वाटी दूर धरूनच सांगितलं, "डिझेल." हमद टाउनमध्ये राहणाऱ्या एका सहकाऱ्याला सांगून त्याच्या घराजवळच्या चौकातल्या, फुलझाडांखालच्या वाफ्यातली मागवली. त्याला वाटलं मी कुंडी लावतोय. त्यानं वर शेणखतही पाठवलं. बायको म्हणाली, "खत." बुदैयाकडच्या खजुराच्या बागेतली माती आणली. ती तिनं बराच वेळ हुंगली, डोळे मिटले, मला आशा वाटू लागली. मग म्हणाली, "नुसतं मीठ." शेवटी 'आली' नावाच्या गावात कुंभार आहेत असं कळलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिकडे गेलो आणि भिजवलेल्या मातीचा एक गोळा मागून आणला. कुंभारानं तो हसत दिला. या मातीला तिनं पास होण्यापुरते मार्क दिले. "चांगली आहे. पण आमची नाही." वाइन चाखणारे लोक असतात म्हणतात, ते द्राक्षाच्या वेलाचा उतार कोणत्या दिशेला होता हेही सांगतात. मला ते थोतांड वाटायचं. आता वाटत नाही.

तोवर सासू-सासऱ्यांचं यायचं ठरलंच होतं. माहेरी जाण्याएवढा प्रवास बायकोला झेपणारा नव्हता, तेव्हा माहेरच इकडे आणायचं. दोघंही कधी विमानात बसलेले नव्हते, म्हणून मी थोडी रजा काढून त्यांना घेऊन यावं आणि तेवढे दिवस खालांनी बायकोकडे पाहावं, असं ठरलं.

इथे सासऱ्यांची ओळख करून देणं भाग आहे. ते पंचायत समितीत शेतीचे विस्तार अधिकारी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खुर्ची सोडताना त्यांनी तिची पाठ बरोबर आणली असावी. ते साध्या स्टुलावरही टेकून बसल्यासारखे बसतात. त्यांच्या लेटरहेडवर 'माजी' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात आहे की तो वाचायला आत्मीयता लागते. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण भरायचं होतं, तेव्हा फोनवर त्यांनी सुचवलं, "अभ्यासदौरा टाका." मी 'मुलीकडे भेट' टाकलं. ते त्यांना काहीसं खाजगी वाटलं.

बायकोनं आईला फोनवर मातीचं सांगितलं आणि आईनं "आणते की, त्यात काय" असं म्हटलं. मी घाबरून नियम वाचले. बाहेरून येणाऱ्यांसाठीचे नियम मी पूर्वीही एकदा पाठ केले होते, साथीच्या काळात. तेव्हा मी गावाहून परतलो होतो आणि नाकात काडी घालून झाल्यावर सलमाबादला एका खोलीत कोंडून राहिलो होतो. जेवण दाराबाहेर ठेवलं जायचं, पाऊल वाजेनासं झालं की दार उघडायचं. तेव्हा माणूस संशयित होता. आता माणसाला कोणी विचारत नाही, व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण झाडं, रोपं, बियाणं आणि माती यांच्यावरचा संशय कायम आहे. मी सासऱ्यांना फोन करून सांगितलं, "बाबा, माती आणता येत नाही. असलं काही आणायचं तर तिकडच्या सरकारी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. क्वारंटाइनचा नियम आहे."

"संगरोध," ते म्हणाले.

"काय?"

"क्वारंटाइनला मराठीत संगरोध म्हणतात. आमच्याकडे परिपत्रकं यायची. प्रमाणपत्राचं माझ्याकडे लागलं."

मी ते नकार म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते काम म्हणून ऐकलं.

मी गावी पोचलो तेव्हा काम झालेलं होतं. सासूबाईंनी न्हाणीच्या चुलीची एक कड खुरप्यानं खरवडून माती काढली होती आणि ती संक्रांतीच्या एका सुगडात भरली होती. सुगडाच्या तोंडाला फडकं आणि फडक्यावर सुतळी.

"आई, प्लास्टिकच्या डब्यात ठेवली असती तर फुटायची भीती नसती."

"प्लास्टिकात वास मरतो. माती मातीत राहिलेली बरी. आपल्या कुंभारवाडीतलंच आहे सुगड, चुलीची माती ज्या तळ्याची त्याच तळ्याच्या मातीचं."

सासऱ्यांनी मात्र मला ओटीवर बसवून आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग एक प्लास्टिकच्या आवरणातला कागद. ग्रामपंचायतीचा दाखला. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं यथासांग. झालं असं होतं की मातीचं प्रमाणपत्र कसं लिहायचं हे ग्रामपंचायतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या संगणकात तयार नमुने दोनच, रहिवासी दाखला आणि वर्तणुकीचा दाखला. सासऱ्यांनी दोन्ही एकत्र करवून घेतले. दाखला देण्यात येतो की, सदर माती ही या गावची कायम रहिवासी असून आमच्या चांगल्या परिचयाची आहे, तिची वर्तणूक चांगली असून तिच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. खाली हायस्कुलातल्या इंग्रजीच्या सरांनी केलेलं भाषांतर, तेही शिक्क्यासह.

मी तो दोनदा वाचला. हसू येऊ नये म्हणून चहा तोंडात धरून ठेवला.

"कसा आहे?" सासरे म्हणाले.

"भक्कम आहे."

"शिक्का गोल पाहिजे. चौकोनी शिक्क्याला बाहेर कोणी विचारत नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या सुतळीची गाठ आवळत होत्या. "असू दे," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना काहीतरी करायचं होतं लेकीसाठी. लाडू येत नाहीत त्यांना."

हे ऐकल्यावर मी दाखल्याबद्दल पुढे एक शब्द बोललो नाही. माती नेता येणार नाही, हे मात्र मी दोघांना पुन्हा एकदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बघू. सासरे म्हणाले, बघूच.

मुंबईहून विमान सकाळचं होतं. सासरे जोधपुरी कोट घालून आले होते. हवाई सुंदरीनं पाण्याचा ग्लास दिला तेव्हा त्यांनी तिचे आभार मानले आणि आपण कोण होतो ते सांगितलं. सासूबाईंनी सुगडाची पिशवी मांडीवर ठेवली होती. मुंबईच्या तपासणीत त्या पिशवीला कोणी हरकत घेतली नव्हती, त्यामुळे सासऱ्यांचा दाखल्यावरचा विश्वास आणखी वाढला होता. दाखला तिथे कोणी पाहिलाच नव्हता, हा मुद्दा त्यांना किरकोळ वाटला. खाली समुद्र दिसायला लागला, मग उथळ हिरवट पाणी आणि त्यात पसरलेली पिवळी जमीन.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच."

"मग माझी पोर सापडेल लवकर."

बहारीनचा विमानतळ आता नवा आहे आणि त्याला आपण नवे आहोत याची जाणीव आहे. आत शिरलं की अत्तराचा वास, उंच छत आणि आरशासारखी फरशी. सासरे अशा जागी आपोआप हळू चालू लागतात, कोणीतरी स्वागताला येईल म्हणून. सासूबाईंनी खाली पाहिलं आणि विचारलं, "एवढं पुसतं कोण?" त्या प्रवासात कोणी विचारलेला तो सर्वात शहाणा प्रश्न होता. पुसणारा एका खांबाशी उभा होता; त्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, त्यानंही हलवली. पासपोर्टच्या खिडकीत काम पटकन झालं. तिथल्या तरुणानं "वेलकम" म्हटलं, आणि सासऱ्यांनी ते शासकीय स्वागत म्हणून स्वीकारलं.

मग कस्टम्स. दाखवण्यासारखा माल नसलेले लोक हिरव्या पाटीखालून झपझप जात होते. लाल पाटीखाली कोणीच नव्हतं. मी दबक्या आवाजात म्हणालो, "बाबा, इथे काय ते ठरवू. माती टाकून देऊ या आणि हिरव्यातून जाऊ."

"टाकून? आणि दाखला?"

"गपचूप हिरव्यातूनच गेलो तर?" सासूबाईंनी विचारलं. "मूठभर तर आहे."

"चोरासारखं?" सासऱ्यांचा आवाज सभेला शोभेल एवढा चढला. "आपल्याकडे कागद आहेत. ज्याच्याकडे कागद असतो तो लाल दारानं जातो!" आणि कोटाचं बटण लावून ते लाल पाटीखाली जाऊन उभे राहिले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला इतक्या उत्साहानं येणारं गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच मिळालं असावं. तो खुर्चीतून उठला.

आधी त्यानं बॅगा उघडल्या. मेतकूट, कोकमं, कुळथाच्या पिठाचा डबा, सुका जवळा, डिंकाचे लाडू. त्यानं जवळ्याच्या पुडीजवळ नाक नेलं आणि ते जरा घाईनं मागे घेतलं. "फिश?" "येस." "ओके, ओके." लाडूत काय आहे ते त्यानं विचारलं. खसखस इकडे अमली पदार्थांत धरतात, म्हणून ती घालायची नाही हे मी सासूबाईंना आधीच तीनतीनदा बजावलं होतं, त्यामुळे त्यांनी मराठीतच पण ठणकावून सांगितलं, "डिंक, खारीक, खोबरं. दुसरं काही नाही. खाऊन बघ." त्याला शेवटचं तेवढं हातवाऱ्यावरून कळलं. तो हसला आणि नको म्हणाला.

मग सासऱ्यांनी सुगडाची पिशवी टेबलावर ठेवली आणि बाजूला दाखला उलगडला.

"व्हॉट इज दिस?"

"सॉइल," सासरे म्हणाले. "विथ सर्टिफिकेट."

त्यानं फडकं सोडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला. थोड्या वेळानं आतल्या दारातून एक बाई आल्या. काळा पायघोळ अबाया, गळ्यात ओळखपत्र, हातात रबरी मोजे. शेतीच्या क्वारंटाइनच्या त्या अधिकारी. त्यांनी आधी दाखला घेतला, हे सासऱ्यांना आवडलं. इंग्रजी भाषांतर त्या मन लावून वाचू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. पुन्हा वरून सुरू केलं. त्यांच्या तोंडाचे कोपरे हलले, पण बाई मुरलेल्या होत्या.

"परमनंट रेसिडेंट," त्या म्हणाल्या. मग इथल्या बऱ्याच जणांना येतं तसल्या हिंदीत, "ये मिट्टी उधर का परमनंट रेसिडेंट है?"

"यस मॅडम," सासरे म्हणाले.

"तो इधर विजिट पे क्यों आया?"

तरुण अधिकाऱ्यानं तोंड फिरवलं. मी बॅगेची चेन लावू लागलो, ती आधीच लावलेली होती. सासरे मात्र प्रश्न प्रश्नासारखाच घेतात. ते म्हणाले, "मॅडम, उसका चालचलन अच्छा है. नीचे लिखा है."

"मैंने पढ़ा. बहुत अच्छा चालचलन." बाईंनी कागद खाली ठेवला. "लेकिन सर, मिट्टी मम्नूअ. नहीं आ सकता. इसमें कीड़ा होता है, बीज होता है, बीमारी होता है. आँख से नहीं दिखता. हमारे पास खजूर है, थोड़ा ज़मीन है, बस. एक बार बीमारी आया तो खलास."

आयुष्यात मी बरेच नियम पाळले आहेत. त्यांतल्या फार थोड्यांचं कारण मला नियम सांगणाऱ्यानं सांगितलं. मला वाद घालावासा वाटेना. सासऱ्यांना मात्र वाटत होता, आणि ते गोल शिक्क्यावर बोट ठेवून श्वास भरत होते. एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या आणि टेबलावर हात ठेवून बाईंना सरळ मराठीत म्हणाल्या,

"बाय, माझी पोर जेवत नाही गो."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बाईंनी हातानं थांबवलं. "क्या बोला?"

मी सगळं सांगितलं. बायकोला दिवस गेलेत, अन्न टिकत नाही, डॉक्टर सलाइन लावायचं म्हणतात, आणि तिला हा एकच वास हवा आहे. खायचं नाही, फक्त हुंगायचं. बोलता बोलता मला जाणवलं की कस्टम्सच्या टेबलापाशी मोठ्यानं सांगायला हे फार विचित्र कारण आहे. पण बाईंना ते विचित्र वाटलेलं दिसलं नाही. त्या तरुणाला अरबीत काहीतरी म्हणाल्या, तो लाजल्यासारखा हसला. मग माझ्याकडे वळून, "मेरा सिस्टर भी ऐसा. हमारे ग्रँडमदर के घर में पानी का मिट्टी वाला जार था, पूरा दिन उसके पास बैठता था, ऐसे." त्यांनी हवेतल्या हवेत एक रांजण कवटाळला आणि त्याला नाक लावून दाखवलं. "हम लोग जार छुपाता था. वो ढूँढता था."

सासूबाईंना शब्द कळले नाहीत, रांजण कळला. त्यांनी समाधानानं मान हलवली. मला वाटलं, सुटली माती.

"लेकिन मिट्टी नहीं जाएगा," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक जाड पिवळी पिशवी उघडली, सुगड उचललं आणि त्यात उपडं केलं. न्हाणीच्या चुलीची तांबडी भुकटी एका दमात खाली गेली. बाईंनी आतून कापडानं पुसलं, सुगड उलटंसुलटं करून पाहिलं, टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"ये पक्का है. आग में पका हुआ. इसमें बीमारी नहीं रहता. ये ले जाओ, मफी मुश्किल, कोई प्रॉब्लम नहीं." आणि त्यांनी ते रिकामं सुगड सासूबाईंच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. सासूबाईंनी ते क्षणभर कानाशी धरलं, नाकाशी धरलं आणि पिशवीत टाकलं. चेहऱ्यावर काही नाही. मला त्यांची दया आली. एवढ्या लांबून आणलेलं, आणि हातात काय तर संक्रांतीचं रिकामं बोळकं.

सासऱ्यांनी पिवळ्या पिशवीकडे पाहिलं. "इसका क्या होगा?"

"जलाएगा, सर."

"पावती?"

बाईंनी खरंच दिली. जप्त केलेल्या मालाची छापील पावती असते, तिच्यावर लिहून, शिक्का मारून. शिक्का गोल होता. सासऱ्यांनी तो पाहिला आणि पावती दाखल्याच्याच आवरणात, दाखल्याच्या पाठीला पाठ लावून ठेवली. निघताना बाई सासूबाईंना म्हणाल्या, "इंशाल्ला, अच्छा बेबी." हे शब्द सासूबाईंना कळले. त्यांनी पिशवीतून एक लाडू काढून टेबलावर ठेवलाच. बाईंनी तो घेतला की नाही ते पाहायला मी थांबलो नाही. सरकारी माणसाला अवघडून टाकू नये.

आम्ही टॅक्सी केली. घर जवळ आहे, बोलायला फारसा वेळ नव्हता. मला एकच चिंता होती. बायको दारात उभी असणार, आणि ती पहिल्यांदा आईकडे नाही, आईच्या पिशवीकडे पाहणार.

तसंच झालं. मी गेलो तेव्हा होती त्याच्याहून ती आणखी उतरलेली दिसली. गालाची हाडं वर आली होती. मागे खाला उभ्या होत्या. आईच्या गळ्यात पडून झालं, बाबांच्या पाया पडणं बाबांनीच अडवलं, आणि मग तिनं विचारलं, "आणली?"

वरून विमान गेलं. एवढं वेळेवर विमान मी कधी ऐकलं नव्हतं. ते गेल्यावरही कोणी वाक्य सुरू करेना. शेवटी सासऱ्यांनी घसा साफ केला.

"बेटा, आपली माती इथवर आली. संबंधित अधिकाऱ्यांनी तिची नोंद घेतली. कागदपत्रं तपासली. आणि नंतर नियमानुसार..." ते अडले. मग मान ताठ करून म्हणाले, "सरकारी इतमामानं तिचं दहन होणार आहे."

बायकोचा चेहरा रडण्याच्या बाजूला झुकला. खाला म्हणाल्या, "या अल्ला, माती पण जाळतात काय?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गॅस कुठे आहे गो?" आणि साडीचा पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या.

आम्ही सगळे त्यांच्या मागे. त्यांनी शेगडी पेटवली, आच बारीक केली आणि त्यावर ते रिकामं सुगड तिरकं धरलं. चिमट्यानं फिरवत राहिल्या, पापड भाजताना फिरवतात तसं. आधी काहीच झालं नाही. मग सुगडाचा रंग थोडा गडद झाला. त्यांनी ते ओट्यावर फडक्यावर ठेवलं, तांब्यात नळाचं पाणी घेतलं, बोटं बुडवली आणि शिंपडलं.

चर्र असा आवाज झाला आणि वाफ आली.

मला तो वास ओळखू येईल असं वाटलं नव्हतं, कारण मी त्यांच्या न्हाणीत कधी लहान नव्हतो. पण त्या स्वयंपाकघरात तोवर नसलेलं काहीतरी आलं, एवढं मलाही कळलं. बायको ओट्यापाशी गेली, वाकली आणि दोन्ही हात सुगडाच्या भोवती धरून तशीच राहिली. सासऱ्यांनी कोटाचं बटण काढलं.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "हंडा उतू गेला."

"गेला गो. आता सरक, मला भात टाकू दे."

मऊ भात झाला. ती सुगड मांडीवर घेऊन बसली, मधून मधून पाणी शिंपडत, आणि मेतकूट-भात खाऊ लागली. आम्ही सगळे तिच्याकडे परीक्षेचा निकाल लागायचाय तसे बघत होतो. खाला दारात उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. वाटी संपली. आम्ही वाट पाहिली. ती उठली, तसे आम्हीही उठलो, बेसिनपर्यंत वाट मोकळी करायला. पण ती बेसिनकडे गेली नाही. पातेल्याकडे गेली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई वजनाच्या काट्याकडे पाहून खूश झाल्या. त्यांचं म्हणणं असं की चौथा महिना लागला की उलट्या बहुतेक थांबतातच, यात विशेष काही नाही. असेलही तसं. मी शंकेखोर माणूस आहे, मला डॉक्टरांचं बरोबर वाटतं. मी हे घरी बोललो नाही. सुगड आमच्या खिडकीत असतं, रोज सकाळी शेगडीवर चढतं, आणि त्यानंतर नाश्ता होतो.

त्या पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर बायकोनं काळजीनं विचारलं होतं, "पण आई, हा वास किती दिवस पुरेल?"

"पुरेल बाळ होईस्तोवर," सासूबाई भांडी आवरता आवरता म्हणाल्या. "पाणी काय, नळाला आहेच."

इथल्या नळाचं पाणी म्हणजे बहुतेक समुद्राचं, खारेपणा काढून घेतलेलं. हे मी त्यांना सांगणार होतो, पण सासरे आधी बोलले. त्यांनी दाखला पुन्हा उलगडला होता आणि चष्मा कपाळावर ढकलून ते त्यातली एक ओळ निरखत होते.

"चूक आपलीच झाली," ते म्हणाले. "दाखल्यात सुगडाचाही उल्लेख हवा होता."